तुमचे प्रश्न : काळजी घेतली होती तरी पाळी चुकली, आता काय?

या वेळी एकाच विषयावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत बरेच दिवस जातात आणि या बाबतीत नेमके दिवसच कमी असतात, म्हणून ज्यांना घाई होती त्यांना मी आधीच फोनवर सांगितलंय, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. नावं, गल्ली, कामाची जागा सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : डॉक्टर ताई, मी २४ वर्षांची आहे, जुळे सोलापूरला राहते, लग्न झालेलं नाही. ३ ऑगस्टला पाळी आली होती, १५ तारखेला कंडोम फाटला, आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती, मेडिकलवर जायची हिंमत पण होत नव्हती, शेवटी रात्री उशिरा मित्राने आय-पिल आणून दिली, म्हणजे साधारण ३० तासांनी घेतली. पाच दिवसांनी थोडं अंगावरून गेलं, मला वाटलं सुटले, पण ती पाळी नव्हती बहुतेक. माझी पाळी २८ दिवसांची आहे, एकदम वेळेवर येते, आज ४ सप्टेंबर, अजून आली नाही. २५ तारखेला टेस्ट केली होती, निगेटिव्ह. मित्र म्हणतो वाट बघ, टेन्शनने लांबते. मला झोप नाही. पॉझिटिव्ह आलं तर कुठे जाऊ, इथे सगळे ओळखीचे, नवी पेठेत शिंकलं तर सात रस्त्याला कळतं. आईची सही लागते का?

उत्तर : अगं, आधी तुझी २५ तारखेची टेस्ट बाजूला ठेव, ती फार लवकर झाली. संबंधानंतर दहाव्या दिवशी निगेटिव्ह आलं तर त्यावरून काहीच सांगता येत नाही, कारण गर्भ पिशवीत रुजायलाच बीज सुटल्यापासून साधारण ६ ते १२ दिवस लागतात आणि लघवीच्या टेस्टमध्ये जे हार्मोन दिसतं ते रुजल्यानंतरच वाढायला लागतं. आता मात्र तुझे २० दिवस झालेत. उद्या सकाळची पहिली लघवी घेऊन टेस्ट कर, किटवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढ्यातच बघ, तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून परत बघायचं नाही. २१ दिवस झाल्यानंतरची टेस्ट निगेटिव्ह आली तर १५ तारखेच्या त्या संबंधातून दिवस राहिले नाहीत असं समज. तरी पाळी आली नाहीच तर आठवड्याने अजून एक कर. फिकट का होईना, दुसरी रेघ दिसली तर ती पॉझिटिव्ह धरायची.

गोळीबद्दल थोडं समजून घे. ती गोळी बीज सुटणं पुढे ढकलते, एवढंच तिचं काम. ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी बरी. पण तुझा तो तेरावा दिवस होता, २८ दिवसांच्या पाळीत बीज साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, आणि ते सुटायच्या अगदी बेतात असेल तर गोळीला थांबवता येत नाही. तू काही चुकीचं केलं नाहीस, पण गोळी घेतली म्हणजे शंभर टक्के झालं असंही नाही. आणि त्याच गोळीने पाळी पुढे-मागे होऊ शकते, मधेच थोडं रक्त जाऊ शकतं, म्हणजे मित्र म्हणतो तसं लांबलेलीही असू शकते. फक्त हे वाट बघून नाही, टेस्ट करून कळतं. वाट बघ म्हणणाऱ्याचे दिवस जात नसतात, तुझे जातात.

पॉझिटिव्ह आलं तर? डॉक्टर आठवडे संबंधाच्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ३ ऑगस्टपासून धरून आज तुझे साडेचार आठवडे झाले. ही गोष्ट बऱ्याच मुलींना माहीत नसते, त्या मनात तीन आठवडे धरून बसतात आणि मग डॉक्टरने पाच म्हटलं की घाबरतात. आपल्याकडे गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत करता येतो, तुझ्या हिशोबाने ५ ऑक्टोबरपर्यंत. त्यापुढे १२ आठवड्यांपर्यंत पिशवी नळीने ओढून साफ करतात, काही मिनिटांचं काम असतं, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. म्हणजे तुझ्याकडे विचार करायला वेळ आहे, आठवडाभर शांतपणे विचार केलास तरी दार बंद होत नाही, दोन महिने लपवून बसलीस तर रस्ते कमी होत जातात. ठेवायचं असेल तर तोही तुझाच निर्णय, त्या आय-पिलमुळे बाळाला काही होत नाही, ही भीती मनातून काढून टाक, फक्त लगेच नाव नोंदवायचं आणि फॉलिक अॅसिड सुरू करायचं. मूल जन्माला घालून कायद्याने दत्तक द्यायचा रस्तासुद्धा आहे, बाल कल्याण समितीमार्फत, आणि सही केल्यावरही आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात.

आईच्या सहीचं. तुझं वय १८ च्या वर आहे, सही फक्त तुझी. आईची नाही, मित्राची नाही, आणि लग्न झालेलं असतं तर नवऱ्याची पण नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यात आधी साधन फेल झाल्याचं कारण फक्त विवाहित बाईला देता यायचं, २०२१ च्या दुरुस्तीत तिथे कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार असं आलं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट सांगितलं की या कायद्यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. आणि तुझं नाव बाहेर सांगणं हा डॉक्टरसाठी त्याच कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा आहे त्याला. तरी काही ठिकाणी सवयीने "घरचं कोणीतरी आणा" म्हणतात, तेव्हा घाबरून परत फिरू नकोस, "मी सज्ञान आहे, संमतीच्या फॉर्म सी वर माझीच सही लागते" एवढं शांतपणे म्हण. सिव्हिलला स्त्रीरोगाची ओपीडी आहे, सरकारी दवाखान्याला या कामासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही. खाजगीत जायचं असेल तर तिथे मान्यतेचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं, ते बघ. ओळखीचं कोणी भेटायची इतकीच भीती असेल तर पुण्याला जा, पण जा. (मुलगी १८ च्या आतली असेल तर मात्र पालकाची लेखी संमती लागते, आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर नाव न देता कळवता येतं, हेही त्याच निकालात आहे. म्हणून अशा मुलीला घेऊन गुपचूप कुठल्या बाईकडे जाऊ नका.)

आणि कच्ची पपई, तीळ-गूळ, ओव्याचा काढा, जिने चढणं-उतरणं, यातलं काही करू नकोस. यांनी गर्भ पडत नाही, दिवस वाया जातात.

प्रश्न : मॅडम, मी विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतली, विड्या वळते, वय ३१, दोन मुलं. शेजारच्या ताईंकडून लिहून घेतेय. तीन वर्षांपूर्वी तांबी बसवली, सरकारी दवाखान्यात. आता १२ दिवस वर झाले, आशाताईने निश्चय किट दिली, दोन रेघा आल्या. तांबी असून कसं काय? आमच्या ओळीतल्या एकीने मेडिकलमधून पाच गोळ्यांचं पाकीट आणून दिलंय, ती म्हणते मी पण हेच खाल्लं, दोन दिवसात खाली होतं. डाव्या बाजूला ओटीपोटात अधूनमधून दुखतंय. नवऱ्याला अजून सांगितलं नाही. खाऊ का?

उत्तर : नका खाऊ ताई. ते पाकीट तसंच ठेवा आणि आजच्या आज दवाखान्यात जा, विड्या उद्या वळता येतील.

का ते सांगते. तांबी चांगलं साधन आहे, वर्षभरात १०० बायकांमागे एकीलाही दिवस जात नाहीत, एवढी ती भरवशाची. पण ज्या एखादीला जातात, तिच्यात गर्भ पिशवीत न राहता पिशवीच्या बाजूच्या नळीत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. नळीत जागा नसते, गर्भ वाढला की नळी फुटते आणि पोटात रक्त साचतं, आणि एका बाजूला दुखणं हे त्याचंच लक्षण असू शकतं. तुमच्या बाबतीत तसंच आहे असं मी म्हणत नाही, साधं दुखणंही असेल, पण ते सोनोग्राफीशिवाय कोणी सांगू शकत नाही, मी पण नाही आणि ती शेजारीण पण नाही. त्या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. उलट त्या खाल्ल्या की थोडं अंगावरून जातं, बाईला वाटतं झालं मोकळं, आणि आत नळीतला गर्भ वाढतच असतो. शिवाय तांबी आत असताना त्या गोळ्या देतच नाहीत, आधी तांबी काढतात. शेजारणीला चाललं कारण तिला तांबी नव्हती आणि तिचा गर्भ पिशवीत होता, तिचं नशीब चांगलं, पण तिचं पोट वेगळं, तुमचं वेगळं.

जाईपर्यंत दुखणं एकदम वाढलं, चक्कर आली, डोळ्यापुढे अंधारी आली, खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, तर रिक्षाची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच दिसला तर मग घाई संपली, पुढचं बसून ठरवता येतं. तांबीचा दोरा दिसत असेल तर ती काढून टाकतात, मूल ठेवायचं असलं तरी काढलेली बरी, कारण आत राहिली तर गर्भ पडण्याची, जंतुसंसर्गाची आणि दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याची भीती वाढते. काढतानाही गर्भ पडायचा थोडा धोका असतोच, तो डॉक्टर तुम्हाला आधी सांगतील. ठेवायचं नसेल तर तांबी फेल गेली हे कायद्यात बसणारं कारण आहे, काही खोटं सांगायची गरज नाही. नवऱ्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, सही त्यांची लागत नाही.

डॉक्टरने गोळ्याच द्यायचं ठरवलं तर काय होतं तेही लिहिते, कारण न सांगता दिल्या की बायका रात्री दोन वाजता घाबरून उठतात. आधी रक्त तपासतात, तुमचं हिमोग्लोबिन फार कमी असेल तर गोळ्या देत नाहीत, आणि घरकुलात बसून दिवसभर विडी वळणाऱ्या बायकांत रक्त कमी असणं मला नवीन नाही, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तोही आधी सांगा. पहिली गोळी दवाखान्यात, त्याने बहुतेकींना काही जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी दुसऱ्या चार, त्यानंतर काही तासांत पोटात जोरात कळा येतात आणि पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, गाठी पडतात, थंडी वाजते, जुलाब होतात. हे होतंच. त्या दिवशी घरात कोणीतरी मोठं माणूस पाहिजे, स्वयंपाक-पाणी दुसऱ्याने बघावं. नंतर दहा-बारा दिवस, कधी दोन आठवड्यांच्याही वर थोडं थोडं जात राहतं. पण लागोपाठ दोन तास, तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजायला लागले, दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, वास येणारा स्राव जायला लागला, किंवा दुखणं थांबतच नाही, तर तडक दवाखाना. आणि गोळ्या घेऊन अंगावरून काहीच गेलं नाही तरी दवाखाना. दोन आठवड्यांनी परत दाखवायला सांगतात ते चुकवू नका, शंभरातल्या काही थोड्या बायकांमध्ये काम अर्धवट राहतं आणि पिशवी साफ करावी लागते. हे नीट झालं तर पुढे मूल व्हायला अडचण येत नाही.

प्रश्न : माझी नसबंदी झाली दोन महिने झाले, मी यंत्रमागावर काम करतो. आता बायकोला दिवस गेलेत. घरात आई आणि वहिनी कुजबुजतात, मलाही डोक्यात विचार येतात. तुम्ही स्पष्ट सांगा.

उत्तर : स्पष्ट सांगते दादा, हे मूल तुमचंच असणार असं धरून चाला आणि आज संध्याकाळी घरी जाऊन आई-वहिनींना बसवून सांगा. पुरुष नसबंदीचं ऑपरेशन झालं की त्या दिवसापासून काम होत नाही. नळी कापली तरी पुढच्या भागात शुक्रजंतू शिल्लक असतात, ते संपायला तीन महिने जातात, तोपर्यंत कंडोम वापरायचा आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून रिपोर्ट चांगला आला की मगच निर्धास्त व्हायचं. हे तुम्हाला ऑपरेशनच्या वेळी कोणी नीट सांगितलं नसेल तर ती सांगणाऱ्याची चूक, बायकोची नाही. ती या घटकेला घाबरलेली असेल, आणि वर संशय. मूल ठेवायचं की नाही हे तिला विचारा, तिने काहीही ठरवलं तरी दवाखान्यात तिच्यासोबत जा, आणि तुमची तपासणी तीन महिने झाले की करून घ्या.

यावरून आठवलं, ज्या बायकांचं ऑपरेशन झालंय आणि तरी पाळी चुकलीय, त्यांनी "माझं तर ऑपरेशन झालंय" म्हणून महिना-महिना थांबू नये. तिथेही गर्भ नळीत असायची शक्यता जास्त असते. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं असेल तर फेल गेल्याची भरपाई मिळते, पण कळल्यापासून ९० दिवसांत अर्ज करावा लागतो, म्हणून ऑपरेशनचा कागद जपून ठेवा.

प्रश्न : ताई, मी मंगळवेढ्याजवळच्या गावची. धाकटी आठ महिन्यांची आहे, अंगावर पिते, पाळी आलीच नव्हती म्हणून आम्ही काही वापरत नव्हतो. आता टेस्ट पॉझिटिव्ह आली. किती दिवसांचं आहे तेच कळत नाही. मोठी पण मुलगीच. मला आत्ता नको आहे, तब्येत साथ देत नाही, पण सासूबाई म्हणतात थांब, पुढे बघू, मुलगा असला तर. आणि दोन मुली आहेत म्हणून डॉक्टर संशय घेतील का?

उत्तर : अंगावर पाजताना सहसा दिवस राहत नाहीत हे खरं आहे, पण तीन गोष्टी एकदम असतील तरच : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, बाळाला आईच्या दुधाशिवाय वरचं काहीच नाही, आणि पाळी सुरू झालेली नाही. यातली एक जरी सुटली तरी भरवसा संपला. पाळी यायच्या आधी बीज सुटतं, त्यामुळे पाळी न येता थेट दिवस जाऊ शकतात, तुमचं तेच झालं. तुमच्या गावात अशा अजून असतील, त्यांना हे वाचून दाखवा.

तुम्हाला मोजायला शेवटची पाळीच नाही, म्हणून सोनोग्राफी लागणारच, अंदाजाने गोळ्या घेऊ नका, कदाचित वाटतंय त्याच्यापेक्षा जास्त दिवस भरले असतील. सोनोग्राफीच्या आधी एक फॉर्म भरून घेतात, तो प्रत्येक गरोदर बाईचा भरतात, त्याला घाबरू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसतच नाही, आणि दोन मुली आहेत एवढ्यावरून तुम्हाला परत पाठवायचं काही कारण नाही. बाळ ठेवणं तब्येतीला झेपत नाही हे कारण पुरेसं आहे, तेच सांगा, खरं आहे ते.

आणि सासूबाईंचं "पुढे बघू" हे ऐकायचंच नाही. गर्भाचं लिंग बघणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, सांगणाऱ्यासाठीही आणि विचारणाऱ्यासाठीही, आणि तोपर्यंत थांबायचं म्हणजे आज जे कदाचित गोळ्यांवरच भागेल ते चौथ्या-पाचव्या महिन्यात तुमच्या जिवावर न्यायचं. मला याचा फार राग येतो ताई, आठ महिन्यांचं लेकरू मांडीवर असलेल्या बाईच्या अंगावर हा जुगार खेळायचा. मूल नको हे तुम्ही ठरवलंय ना, मग याच आठवड्यात जा. जाऊबाई, आई, आशाताई, ज्या कोणी सोबत येतील त्यांना घेऊन जा. बाळ पितंय हे डॉक्टरांना सांगा, दूध तोडायची गरज पडत नाही. उद्या मन बदललं आणि ठेवायचं ठरवलंत तरी हरकत नाही, तब्येतीकडे जास्त लक्ष द्यावं लागेल, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर फुकट तपासतात, तिथे जा.

गर्भपात झाल्यावर लगेच एखादं साधन सुरू करा, कारण गोळ्यांनंतर आठ-दहा दिवसांतसुद्धा पुन्हा बीज सुटू शकतं. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, तांबी, हे सगळं पाजणाऱ्या आईला चालतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्याला एक, वार ठरवून घ्या म्हणजे विसरणार नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजला आहोत, १९ आणि २०. महिन्यात दोन-तीनदा आय-पिल घेतली तर चालते का? कंडोम दोनदा फाटला म्हणून विश्वास नाही राहिला.

उत्तर : त्याने जिवाला धोका नाही, पण पाळीचं वेळापत्रक पूर्ण बिघडतं आणि मग प्रत्येक महिन्यात लांबली की चुकली हेच कळत नाही. शिवाय ती रोजच्या गोळीपेक्षा कमी भरवशाची आहे. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यावी लागते, आणि टीबीची किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर ती नीट कामच करत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारा. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा तिच्यापेक्षा भक्कम उपाय आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. नेहमीसाठी तिने डॉक्टरांना दाखवून माला-एन सारखी रोजची गोळी सुरू करावी आणि तू कंडोम सोडू नकोस, कारण गोळी आजारांपासून वाचवत नाही. कंडोम फाटतो त्याला बहुतेक वेळा कारण असतं. पाकिटात महिनोन् महिने दाबून ठेवलेला, गाडीच्या डिकीत टाकलेला, आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात डिकीत काय तापतं ते तुला माहीत आहे, त्यात रबर खराब होतं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तरी खराब होतं, लावायचंच असेल तर मेडिकलमध्ये पाण्याचं जेल मिळतं ते घे. तारीख बघ, दाताने फोडू नकोस, टोकाची हवा काढ, आणि घरात सावलीत ठेव.